तुम्ही विचारलंत म्हणून: ती खरंच मुलं असतात का?

“ती खरंच मुलं असतात का हो? टीव्हीवर तर चांगले दाढीमिशा आलेले बाप्ये दिसतात.”

ब्रिटनमध्ये एकट्याने येऊन आश्रय मागणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते हे सांगितलं की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतो. लंडनच्या हॅरो भागातल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत येतो, पुण्याला नणंदेकडे जेवताना येतो. विचारणारी माणसं वाईट नसतात. निम्म्यांनी स्वतः व्हिसाच्या रांगेत उभं राहून, फिया भरून, ढीगभर कागद जोडून या देशात पाऊल ठेवलेलं असतं, आणि कुणीतरी रांग मोडून पुढे घुसतंय हा राग त्या प्रश्नात असतो. तोंडी उत्तर द्यायला गेलं की चहा गार होतो आणि उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी कामाबद्दल. लंडनमधल्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेत, मी सोशल वर्करांच्या टीमची मॅनेजर आहे. आईवडील किंवा कुणीच मोठं माणूस सोबत नसताना इथे पोचलेली आणि आश्रय मागणारी अठराच्या आतली मुलं आमच्याकडे येतात. जवळजवळ सगळे मुलगेच, त्यातले बरेच सोळा-सतरा वर्षांचे. अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया, इराण-इराकमधले कुर्द, व्हिएतनाम. १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टच्या विसाव्या कलमाप्रमाणे ज्याला सांभाळायला कुणी नाही ते मूल कौन्सिलचं. त्याला घर, शाळा, दवाखाना, वकील हे सगळं आम्ही बघायचं. मार्च २०२४ अखेर इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या छत्राखाली अशी सात हजारांवर मुलं होती. ही मुलं जिथे उतरतात ते डोव्हर बंदर केंट परगण्यात असल्यामुळे पूर्वी बराचसा भार एकट्या केंटवर पडायचा. २०२० आणि २०२१मध्ये केंटने दोनदा हात वर केले, तेव्हा २०२१च्या अखेरीला सरकारने ही मुलं वाटून घेणं सगळ्याच कौन्सिलांना सक्तीचं केलं.

आता उत्तर. बहुतेक असतात, काही नसतात. आणि पहिल्या भेटीत यातला कोण कुठला हे मला कळत नाही. जो उमेदवार मुलाखतीत सांगतो की “मला बघताक्षणी कळतं”, त्याला मी टीममध्ये घेत नाही.

“कागद नसतात का?” हा लगेचचा उपप्रश्न. मग मी उलट विचारते, तुमच्या वडिलांचा वाढदिवस कधी? खेड्यातून आलेल्या घरांत दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उत्तर ‘१ जून’ येतं. मास्तरांनी शाळेत नाव घालताना मूल बघितलं, वर्षाचा अंदाज केला आणि शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने तारीख ठोकून दिली. माझ्या सासऱ्यांच्या चार भावंडांपैकी तिघांची जन्मतारीख १ जून आहे, आणि त्याच तारखेवर ते नोकरीला लागले, निवृत्त झाले, पेन्शन खाल्ली. कुणी त्यांना खोटारडं म्हटलं नाही. इथे ज्या मुलाला फक्त साल सांगता येतं, त्याच्या कागदावर बहुतेक वेळा १ जानेवारी पडते. आमच्या ऑफिसातल्या फळ्यावर वर्षाच्या पहिल्या दिवशी वाढदिवसांची जत्रा असते.

कागद असला तरी काम सोपं होत नाही. अफगाणिस्तानातल्या जुन्या तज़किऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच. ‘अमुक साली, दिसण्यावरून, वय इतकं’ एवढंच असतं. म्हणजे तिकडच्या कारकुनानेही चेहराच वाचलेला. त्यात सालं त्यांच्या सौर पंचांगातली, वर्ष मार्चच्या विशीत सुरू होणारं. इसवी सनात आणायचं तर महिना बघून ६२१ किंवा ६२२ मिळवायचे. इथिओपियाचं पंचांग सात-आठ वर्षं मागे, आणि त्यात महिने तेरा. दुभाषाने घाईत केलेल्या बेरजेत एक वर्ष इकडचं तिकडे होतं आणि सतराचे अठरा होतात.

त्या एका वर्षावर काय अवलंबून असतं? सतरा ठरला तर फॉस्टर कुटुंब, म्हणजे मूल आपल्या घरी ठेवून सांभाळणारं कुटुंब, किंवा देखरेखीखालचं घर, कॉलेज, स्वतःचा सोशल वर्कर, आणि आमच्याकडे पुरेसे दिवस काढले असले तर पंचविशीपर्यंत कौन्सिलची सोबत. अठरा ठरला तर आश्रय मागणाऱ्या मोठ्यांच्या हॉटेलात अनोळखी पुरुषांबरोबर एक खोली. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या, ओल्या कपड्यांत, सीमेवरचे अधिकारी काही मिनिटांत अंदाज बांधतात. नियम असा की चेहरा आणि वागणं बघून तो अठराच्या बराच पुढे असल्याचं अगदी ठळकपणे दिसलं तरच प्रौढ धरायचं. शंका असेल तर तिचा फायदा मुलाला. तरीही गेल्या काही वर्षांत शेकडो मुलं मोठी समजून मोठ्यांच्या हॉटेलात पाठवली गेली आणि नंतर मुलंच निघाली. तिथून ती आमच्याकडे येतात तेव्हा आधी दोन महिने कुणाशी धड बोलत नाहीत.

शंका राहिली तर वय ठरवायचं काम आमच्यावर येतं. याला सगळे ‘मर्टन असेसमेंट’ म्हणतात, कारण मर्टन कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात २००३ साली न्यायालयाने ते कसं करायचं हे सांगितलं. दोन प्रशिक्षित सोशल वर्कर, दुभाषा, मुलाच्या बाजूने बसणारं एक तटस्थ मोठं माणूस, एकाहून जास्त बैठका. आणि ज्यावरून आम्हाला शंका आली ते सगळं त्याच्यासमोर मांडून त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की वय ही वस्तुस्थिती आहे, वाद झाला तर ती न्यायालय स्वतः ठरवेल. तेव्हापासून आमचा एकेक अहवाल न्यायाधीश वाचतील असं धरूनच लिहावा लागतो. ‘वयापेक्षा थोराड वाटतो’ हे वाक्य माझ्या टेबलावर आलं की मी ते लाल करते. कशावरून वाटतो, ते लिहा.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. मुलगा सुदानमधल्या दारफुरचा. स्वतःचं वय सतरा सांगत होता. कपाळावर आठ्या, हात गवंड्यासारखे. जन्माची नोंद नाही, शाळा नाही, शेळ्या राखलेल्या. अशाला ‘तुझा जन्म कधीचा’ विचारून काय मिळणार? मग भिंतीवर लांब कागद लावून त्याला आठवतंय ते क्रमाने मांडायचं. पहिला पूर्ण रोजा कधी ठेवलास? तेव्हा उन्हाळा होता की पाऊस? गाव जळालं तेव्हा धाकटी बहीण चालत होती की कडेवर होती? ती जन्मली तेव्हा घरातलं कुठलं काम तुझ्याकडे होतं? यावर तो थांबला, आणि हातांनी दाखवत म्हणाला की विहिरीतून दोर ओढता यायचा, पण भरलेली बादली काठावर आली की ती उचलून घ्यायला आईला हाक मारावी लागायची. माझ्या सहकाऱ्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सात-आठ वर्षांचं मूल. तिथून बहिणीचं वय, मग गाव सोडणं, मग लिबिया, असं एकेक जोडत आम्ही पुढे आलो.

दोघा सोशल वर्करांचं एकमत मात्र होईना. एकीच्या मते सतरा, दुसऱ्याच्या मते विशीचा. दुसऱ्याचा मुद्दा होता फॉस्टर आईच्या रोजच्या नोंदींचा: हा स्वतः जेवण करतो, ताट घासतो, कपडे धुतो, सकाळी हाक मारावी लागत नाही. “सतरा वर्षांचा मुलगा असं वागतो का?” लंडनमधला वागत नाही, हे खरं. पण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून ज्याला कुणी वाढून दिलेलं नाही, तो ताट घासणारच. त्याच नोंदवहीत पुढे होतं की तो दिवा लावून झोपतो, आणि उशीखाली ब्रेड ठेवतो. ते कुणी मुद्दा म्हणून मांडलं नव्हतं. लिबियातले महिने तो एकदा चार सांगे, एकदा नऊ. ज्या गोदामात त्याला कोंडून ठेवलं होतं तिथे खिडकी नव्हती, हे त्याच्यासमोर तफावत ठेवल्यावर कळलं. शेवटी विशीच्या बाजूने शिल्लक राहिला तो फक्त चेहरा. आम्ही सतरा मान्य केले.

उलटही होतं. एकाचं सगळं बोलणं जुळत गेलं आणि जुळता जुळता बावीस-तेवीसपाशी येऊन थांबलं. त्याला ते समोर सांगितलं तेव्हा त्याने वाद घातला नाही. इंग्रजीचा वर्ग पूर्ण करता येईल का, एवढंच विचारलं. वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या शेजारच्या खोलीत पंधरा वर्षांचा मुलगा झोपत होता, आणि त्याचीही जबाबदारी माझ्याच सहीवर होती. म्हणून ‘सगळ्यांना मूल माना, वाद कशाला’ असं जे काही भले लोक सांगतात, त्यांच्याशीही माझं पटत नाही.

खरी अडचण इथे आहे. एकाच टीमकडे आईबापाचंही काम दिलंय आणि न्यायाधीशाचंही. काल ज्याला दाताच्या डॉक्टरकडे हात धरून नेलं, त्याला आज विचारायचं की तू खोटं तर बोलत नाहीस ना. त्यामुळे माझ्याकडे एक नियम आहे: ज्या सोशल वर्करकडे मूल आहे, ती त्याचं वय ठरवायला बसणार नाही. दुसरे दोघं बसतील. ती त्या दिवशी बाहेर थांबेल, मधल्या सुट्टीत त्याला खायला घालेल, आणि निकाल काहीही लागला तरी त्याच्या बाजूची राहील. माणसं कमी असली की हा नियम पाळणं जिवावर येतं, वरून विचारणाही होते की एका कामाला तिघं कशाला. दर महिन्याच्या सुपरव्हिजनला तरुण सोशल वर्कर येऊन बसतात आणि केसबद्दल बोलता बोलता मधेच गप्प होतात, ते गप्प होणं बहुतेक असेसमेंटच्या आठवड्यातलं असतं.

माझ्या हिंदीचंही सांगते, कारण “तुम्हाला तर भाषा येते, बरं पडत असेल” असं हमखास म्हटलं जातं. पेशावरला काही वर्षं काढलेल्या अफगाण मुलांना उर्दू येते, सिनेमांमुळे हिंदी कळते. मला बघून त्यांचा चेहरा खुलतो. क्रिकेट, चहा, थंडीचे बूट या गोष्टी आम्ही हिंदीत बोलतो. पण असेसमेंटचा एकही प्रश्न मी हिंदीत विचारत नाही आणि टीममध्ये कुणाला विचारू देत नाही. मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं म्हणून ही मुलं ‘जी, जी’ करत मान हलवतात, आणि ती मान अहवालात ‘कबूल केले’ होऊन बसते. पश्तोचा दुभाषा यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबायचं.

आता यंत्रांची चर्चा आहे. २०२२च्या कायद्यानंतर वय ठरवण्यासाठी एक राष्ट्रीय मंडळ आलं, २०२४च्या जानेवारीत अक्कलदाढेचे आणि मनगटाचे एक्स-रे, गुडघ्याचा आणि गळपट्टीच्या हाडाचा एमआरआय यांना नियमांत जागा मिळाली. दंतवैद्यांच्या संघटनेचा याला विरोध आहे. २०२५च्या जुलैमध्ये सरकारने चेहऱ्यावरून वय सांगणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं तंत्र अजमावण्याचं जाहीर केलं. दात आणि हाडं वर्ष-दोन वर्षांची चूक ठेवूनच बोलतात, आणि आमचा सगळा वाद नेमका त्याच वर्ष-दोन वर्षांचा असतो. चेहऱ्याचं म्हणाल तर चेहरा वाचण्यातूनच हा घोळ सुरू झाला. तो आता यंत्राने वाचायचा.

आणि एक प्रश्न मात्र मला प्रसादाच्या रांगेत कधीच कुणी विचारलेला नाही. जुलै २०२१पासून होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, अशा मुलांना थेट हॉटेलांत ठेवलं. दीड वर्षात ४,६०० मुलं तिथे राहिली, आणि जानेवारी २०२३मध्ये मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांतली २०० बेपत्ता आहेत. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाने ही हॉटेलं सर्रास वापरणं बेकायदा ठरवलं. त्या दोनशेंचं वय किती होतं यावर गरमागरम चर्चा झालेली मी ऐकली नाही.

बरं, ज्यांना हे वाचून पुढे काही करावंसं वाटेल त्यांच्यासाठी. फॉस्टर कुटुंबं कायम कमी पडतात. मुलं युनिव्हर्सिटीला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोल्या आपल्या मराठी घरांत मला माहीत आहेत, गणपतीला येते तेव्हा त्याच खोल्यांत कोट ठेवते. एक रिकामी खोली लागते, घर भाड्याचं चालतं, लग्न झालेलं असावं अशी अट नाही. आपापल्या कौन्सिलकडे अर्ज करायचा. चौकशी आणि प्रशिक्षण धरून साधारण सहा महिने जातात, भत्ता मिळतो. घर शाकाहारी आहे, चालेल का, असा एका काकूंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. चालतं. चिकन तो कॉलेजातून येताना खाऊन येतो.