विगानच्या बाजारात बाबांचा आवाज

मागच्या महिन्यात आई-बाबा लातूरहून येऊन आठ दिवस माझ्याकडे राहून गेले. फिलिपिन्समध्ये मनिलाहून विगानपर्यंत चारशे किलोमीटरचा रात्रीचा बसप्रवास, पण बाबा एकदाही कुरकुरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांना बाजारात घेऊन गेले आणि तिथं जे झालं ते अजून मनातून जात नाही. मेडिकलला इकडं येऊ घातलेल्या मुलांचे आईवडील मला मेसेज करून विचारत असतात, बँक कधी उघडते, कुठली भाषा चालते, शाकाहारी मिळतं का. तेही सांगते, पण आधी हे.

इथली वांगी लांब, बारीक, काळपट जांभळी. इलोकानोत, म्हणजे इथल्या भाषेत, त्यांना तारोंग म्हणतात. बाबांनी ढिगातलं एक उचललं, देठ दाबून पाहिला, भाव विचारला. बाई म्हणाल्या, ऐंशी पेसो किलो. बाबांनी मनात रुपये केले आणि लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "सिक्स्टी! सिक्स्टी!" बाई हसल्या. बाबांना वाटलं, जमलं. त्यांनी पिशवी पुढे केली. बाई हसत होत्या, पण नजर खाली होती, आणि बाबांनी निवडलेली वांगी त्या एकेक करून परत ढिगावर लावायला लागल्या. शेजारच्या दोघी बोलायच्या थांबल्या. ऐकू गेलं नसेल म्हणून बाबांनी आणखी मोठ्यानं सांगितलं. मग बाईंनी वांग्यांच्या ढिगावर ओलं फडकं टाकलं आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्या सगळ्या वेळात त्यांचं हसू हललं नव्हतं.

इथं हसू म्हणजे होकार असेलच असं नाही. इलोकानोत 'बाइन' असा शब्द आहे. अर्थ लाज, संकोच, चारचौघांतली इज्जत, सगळं एकात. चारजणांसमोर कुणी आवाज चढवला की ज्याच्यावर चढवला त्याला बाइन वाटतं, आणि चढवणाऱ्याची किंमतही त्याच क्षणी उतरते. उलट उत्तर कुणी देत नाही. माणूस हसतो आणि आतून दार लावून घेतो. पहिल्या वर्षी माझ्या घरमालकीणबाईंनी माझ्यासमोर असं दार लावलं होतं. विजेच्या बिलावरून मी जरा तावातावानं बोलले, तर पुढचे तीन आठवडे त्या माझ्याशी फक्त हसत होत्या.

पण बाबांच्या बाजूनंही मला बोलायचं आहे, कारण त्या दिवशी तिथल्या नजरांनी त्यांना उर्मट ठरवून टाकलं. आमच्या शेतात विहिरीच्या मोटारीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत हाक पोहोचवायची तर पोटातूनच काढावी लागते. बाबांनी चाळीस वर्षं तशीच हाक मारली आहे. आमच्याकडं आवाज मोठा असणं म्हणजे राग नाही. गंजगोलाईतल्या भाजीवालीशी बाबा याच आवाजात दहा मिनिटं हुज्जत घालतात, शेवटी चार काड्या कोथिंबीर वर घेतात आणि तिच्या पोराच्या दहावीची चौकशी करून निघतात. त्या हुज्जतीत माया आहे. हे मी त्या बाजारात कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगणार होते?

घासाघीस इथंही चालते, तिला 'तावार' म्हणतात. फक्त आधी विचारायचं, हळू आवाजात: "माबालिन आ तुमावार, मानांग?" म्हणजे, ताई, भाव करू का? दहा-पाच पेसो सुटतात. त्याच गाळ्यावर चार वेळा गेलात की तुम्ही 'सुकी' होता, बांधलेलं गिऱ्हाईक. मग न मागताच वर काहीतरी पडतं. महागला इलोकानोत 'नाङिना' म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथं सगळं हाक मारण्यावर अवलंबून आहे. वयानं थोडा मोठा पुरुष मानोंग, बाई मानांग, लहान असेल तर आदिंग. आईवडिलांच्या वयाची माणसं ताता आणि नाना. यातली नाना म्हणजे बाई! आमचे थोरले चुलते नाना, त्यामुळे मी घरमालकीणबाईंना नाना म्हणते हे ऐकून आई बघतच राहिली. त्याहून वडीलधारं कुणी असेल तर वाक्याच्या शेवटी 'आपो' लावायचं. "वेन, आपो" म्हणजे "होय जी". मनिलातला आदराचा 'पो' इथं कळतो, पण आपो म्हटलं की समोरच्याचे खांदे सैल पडतात.

आणि आपलं तू-तुम्ही इथं जसंच्या तसं आहे, यानं मी पहिल्याच महिन्यात हरखून गेले होते. मैत्रिणीला "नांगान्कान?", जेवलीस का? मोठ्यांना "नांगान्कायोन?", जेवलात का? अनेकवचनातून आदर. वर्गातल्या इंग्रजीत ही सोय नाही. कुठं निघालीस, "पापानाम?", हेही रस्त्यात कुणीही विचारतं. खरं उत्तर कुणाला नको असतं. "दिता लाएंग" म्हणायचं, इथंच जरा. आपल्याकडं निघताना 'कुठं' म्हटलेलं आजीला चालायचं नाही, तेवढाच काय तो फरक. कुणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात की "मांगान तायोन" येणारच, आपल्या 'या जेवायला'सारखं. लगेच बसायचं नसतं. "नाब्सुगाक पाय" म्हणजे पोट भरलंय, असं म्हणून हसून पुढे जायचं.

दवाखान्यात मात्र हाच आदर आडवा येतो. खेड्यावरच्या आरोग्य केंद्रात आजीबाईंना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं की त्या म्हणतात, "वेन, आपो." समजलं का? "वेन, आपो." एकदा मी विचारलं, मग सांगा बरं, रात्री किती घ्यायच्या? आजी हसल्या. बाजारातलंच हसू. तेव्हापासून मी समजलं का असं विचारतच नाही, गोळ्या त्यांच्या हातात देऊन त्यांच्याकडूनच दाखवून घेते.

आणखी एक हाक आहे, तिच्यावर माझा राग आहे. 'बुम्बाय'. फिलिपिन्सभर कुठल्याही भारतीयाला बुम्बाय म्हणतात. शब्द आला बॉम्बेवरून, पण चिकटला मोटारसायकलवरून दारोदार व्याजानं पैसे देणाऱ्यांना, आणि ते बहुतेक पंजाबी. पाच घ्या, सहा परत करा, म्हणून त्या धंद्याचं नावच पाच-सहा. जेवत नसलेल्या पोराला 'बुम्बाय येऊन घेऊन जाईल' अशी भीती घालतात. मुंबई ज्यांची राजधानी त्यांना हे नाव कसं लागत असेल, सांगा. मोठ्या कांद्यालासुद्धा मनिलाकडच्या टागालोग भाषेत 'सिबुयास बुम्बाय' म्हणतात. नाशिककडच्या माझ्या रूममेटला त्याचं कौतुक वाटतं, मला वाटत नाही. हेही खरं की सावकारी करणाऱ्याला नावं ठेवायला आपणही कमी करत नाही, आणि ज्या बाईला बँक दारात उभी करत नाही तिला तोच मोटारसायकलवाला भांडवल देतो. तरी गल्लीतल्या पोरानं पहिल्यांदा मला बुम्बाय म्हटलं त्या रात्री मी घरी फोन करून रडले होते. तेच पोर आता मानांग म्हणतं.

आता वेळा. बाजार पहाटे चार-पाचला सुरू होतो. चांगली मासळी-भाजी हवी तर सातच्या आत जा, दहानंतर उरलंसुरलं. बँकेचं काम दुपारी तीनच्या आत उरकायचं आणि शनिवार-रविवार बँक धरायचीच नाही. दुपारी बारा ते दोन कुणाच्या घरी जाऊ नये, ऊन फार, माणसं पडलेली असतात. रात्री नऊनंतर तिचाकी मिळणं कठीण. गुड फ्रायडेला गाव मिटून जातं. 1 आणि 2 नोव्हेंबरला सगळे स्मशानभूमीत असतात आणि घरात पितरांसाठी ताट वाढलेलं असतं. त्याला 'आतांग' म्हणतात. आपल्या पितृपक्षातलं पान बघितलेल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या ताटाला हात लावू नका.

सरकारी कचेरी आठ ते पाच, आणि इथली एक गोष्ट मला मनापासून आवडली. पाचच्या आत जो माणूस आवारात आला त्याचं काम जेवणाच्या सुट्टीत किंवा पाचनंतरही करायचं, हे 2007च्या कायद्यात आहे. 2018च्या कायद्यानं मुदतही घातली: साध्या कामाला 3 दिवस, गुंतागुंतीच्या कामाला 7, फारच तांत्रिक असेल तर 20, सगळे कामकाजाचे दिवस. आपल्याकडंही 2015चा लोकसेवा हक्क कायदा आहे, हे मी इथल्या मैत्रिणींना ठासून सांगते. बाबा मात्र सातबाऱ्याच्या एका दुरुस्तीसाठी किती वेळा गेले, ते सांगत नाही.

हाताचं बोट वाकवून कुणाला बोलावू नका, ते कुत्र्याला बोलावणं झालं. तळवा खाली ठेवून बोलवा. दोन्ही भुवया वर गेल्या तर ते 'हो' आहे. ओठांचा चंबू ज्या दिशेला, तिकडं रस्ता.

शाकाहारींनी ऐका: पिनाकबेत दिसायला भेंडी, वांगं, कारल्याची मिसळभाजी, पण त्यात आंबवलेल्या मासळीचं बुग्गुओंग असतंच. 'भाजी आहे ना?' विचारलंत तर उत्तर हो येईल आणि ते खोटं नसेल. 'मासा नको, बुग्गुओंग नको' असं नाव घेऊन सांगा. शेवग्याचा पाला मात्र इथं मुबलक, मारुंगाय म्हणतात. आईनं आठ दिवसांत तीनदा केला.

चौथ्या दिवशी पहाटे बाबाच म्हणाले, चल, त्या वांगीवालीकडं. वाटेत दोन वाक्यं त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली. गाळ्यापाशी टोपी काढून हळूच म्हणाले, "नाइम्बाग आ बिगात, नाना." त्यांचा इतका हळू आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ऐंशीनं एक किलो घेतली, भाव केला नाही. बाईंनी वजन झाल्यावर दोन कारली वर टाकली. मग बाबा अडखळत दुसरं वाक्य म्हणाले, "दिओस ती अगङिना." हा इथला धन्यवाद. नाङिनामधला तोच 'ङिना', किंमत: याची किंमत देव चुकती करेल. गोव्यात 'देव बरें करूं' म्हणतात ना, तसंच. बाईंनी या वेळी हसताना वर बघितलं.

बस सुटताना बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शेतातल्या आवाजात ओरडले, "पोचलो की फोन करतो गंऽऽ!" अख्खा बस स्टँड वळून बघायला लागला. मीही तितक्याच मोठ्यानं ओ दिली.