कोलारच्या सोन्याच्या खाणींपाशी
आज कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स पाहिले आणि खाण संपल्यावर तिच्या आधाराने वाढलेल्या शहराचे काय होते, हा प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने येथे उत्खनन हाती घेतले आणि १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून जलविद्युत आली, ती आधी या खाणींसाठीच. तीन किलोमीटरहून अधिक खोल गेलेल्या चॅम्पियन रीफ खाणीत असह्य उष्णता, खडकांचे अचानक होणारे स्फोट आणि फुप्फुसे पोखरणारी सिलिकायुक्त धूळ सोसत ज्यांनी आयुष्य काढले, ते मुख्यतः तमिळ आणि तेलुगू भाषक मजूर होते, त्यांतही दलितांची संख्या मोठी होती. सोन्याच्या कथेत त्यांना मिळणारी जागा मला फार तोकडी वाटते. पुढे खनिजातील सोन्याचे प्रमाण घटले, खर्च वाढत गेला आणि २००१ मध्ये सरकारी मालकीच्या भारत गोल्ड माइन्सने काम थांबवले. आता अनेक रहिवासी रोज रेल्वेने कामासाठी बंगळुरू गाठतात. सायनाइड वापरून सोने काढल्यानंतर उरलेल्या गाळाच्या टेकड्या मात्र वस्तीलगत तशाच उभ्या असून वारा सुटला की त्यांची भुकटी घरांत शिरते, आणि त्यांचा बंदोबस्त करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, असे मला ठामपणे वाटते.