बोलायला शिकवा की, मॅडम

"तालुक्याच्या कॉलेजात हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी कशाला शिकवता? त्यापेक्षा पोरांना चार वाक्यं बोलायला शिकवा की." पालक विचारतात, विद्यार्थी विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता एकांनी विचारलं. एकदाचं लिहूनच टाकते.

पेपर अभ्यासक्रमात आहे, हे माझं ठरलेलं उत्तर. खरं आहे, पण पळवाटही आहे. उद्या कुणी तो पेपर माझ्याकडून मागितला तर मी देणार नाही.

फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकलं, त्याआधीच्या इंग्रजीतली येशूची प्रार्थना मी वर्गात वाचायला देते. 'फॅडर ऊरे, थू थे एआर्ट ऑन हेओफोनुम.' सेमी-इंग्रजीवाले आणि आश्रमशाळेतून आलेले सारखेच अडखळतात. एरवी 'मे आय कम इन' म्हणताना घाम फुटणारी पोरं खणखणीत वाचतात. चुकलं म्हणून हसणार कोण? एवढ्यासाठीसुद्धा मी तो तास सोडणार नाही.

पण खरं कारण मामांच्या केसमध्ये आहे. बांधाचा वाद. खालच्या कोर्टात सगळं मराठीत चाललं, तोवर मामा वकिलालाही दुरुस्त करायचे. अपील वर, हायकोर्टात गेलं आणि मामा मुके झाले. राज्यघटनेच्या कलम 348 नुसार तिथलं कामकाज इंग्रजीत. मी सोबत होते. दोन्ही वकील बोलत होते, सातबाऱ्याचे कागद उलटत होते. मध्येच आमचं आडनाव आलं की मामा टोपी सारखी करून ताठ बसत, पुन्हा खांदे पाडत. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "तारीख पडली," आणि गेले. मामा माझ्याकडे वळले. "तू इंग्रजीची प्राध्यापक ना? आपला वकील आपल्या बाजूनं बोलला का विरोधात, एवढंच सांग."

1362 साली इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात एक कायदा झाला. त्यात जवळजवळ मामांचीच तक्रार आहे: कोर्टात वकील आपल्या बाजूनं काय बोलतात आणि विरुद्ध काय बोलतात, हे लोकांना समजत नाही, कारण सगळं फ्रेंचमध्ये चालतं. म्हणून युक्तिवाद इंग्रजीत करा, नोंदी लॅटिनमध्ये ठेवा. गंमत म्हणजे हा कायदा लिहिला फ्रेंचमध्येच! वकिलांनी आपली मोडकीतोडकी फ्रेंच पुढेही कागदांवर जपली. कोर्टातून लॅटिन-फ्रेंच कायद्यानं हद्दपार झाली ती 1733 पासून.

एसटीत मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या हयातीत काही जमत नाही."

नोकरीला लागले तेव्हा मी हे फार जोशात शिकवायची. 1066 नंतर इंग्रजी ही शेतकऱ्यांची, स्वयंपाक्यांची भाषा झाली, तरी ती उठली. मग मराठी का नाही? टाळ्या पडायच्या. आता त्या बाईशी माझं भांडण आहे. इंग्रजी भाषाप्रेमानं उठली असं ती सुचवायची. 1204 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातची फ्रान्समधली नॉर्मंडी गेली, सरदारांचं तिकडचं घरदार तुटलं. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपलं. 1348 च्या प्लेगनं इतकी माणसं नेली, की उरलेल्या मजुराची किंमत वाढली, आणि त्याच्या बोलीचीही. यातलं काय आम्ही मागून घ्यायचं, प्लेग?

शिवाय उठून उभ्या राहिलेल्या इंग्रजीनं पुढे केलं काय? आठव्या हेन्रीच्या काळात, 1536 च्या सुमारास, वेल्समधल्या कोर्टांत इंग्रजीच चालेल आणि फक्त वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद मिळणार नाही, असा कायदा केला. हा भाग मी पूर्वी दोन मिनिटांत उरकायची. आता त्यावर अख्खा तास जातो आणि टाळ्या पडत नाहीत.

हो, यानं नोकरी लागत नाही. मामांनाही काही मिळालं नाही. तरी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं, तिला वकील व्हायचंय, विचारलं, "मॅडम, मग मी वरच्या कोर्टात कुठल्या भाषेत उभी राहू?" मी म्हटलं, आज तरी इंग्रजीतच. ती म्हणाली, "आणि पक्षकाराला कोण सांगणार?" मी म्हटलं, तू. तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

बोलण्याचा वर्ग शनिवारी दुपारी असतो. पोरांना पाठवा.