फंक्शन सोपवताना टाइप कोणत्या दिशेने तपासावा?

एक फंक्शन दुसऱ्याला आर्ग्युमेंट (कॉल करताना पुरवलेले मूल्य) म्हणून देताना कंपायलर त्याचा टाइप, म्हणजे ते काय स्वीकारते आणि काय परत करते, नेमका कसा पडताळतो, याकडे मी कित्येक वर्षे पुरेसे लक्ष दिले नव्हते. गेल्या महिन्यात टाइपस्क्रिप्टमधील (जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या भाषेतील) एका चुकीने ते द्यायला लावले. आमच्या एका इंटरफेसमध्ये कोणताही ‘इव्हेंट’ (क्लिक, कळ दाबणे अशी घटना) स्वीकारणारा हँडलर, म्हणजे ती घडल्यावर चालणारे फंक्शन, जाहीर केलेला होता आणि तिथे मी केवळ ‘माउसइव्हेंट’ हा इव्हेंटचा एक नेमका प्रकार हाताळणारे फंक्शन दिले. कंपायलरने काहीच तक्रार केली नाही. पुढे कळफलकावरील कळ दाबल्यावर तेच फंक्शन चालले, ‘क्लायंटएक्स’ हे माउसचे आडवे स्थान सांगणारे मूल्य ‘अनडिफाइन्ड’ (अस्तित्वातच नसलेले) आले, त्यात दहा मिळवल्यावर ‘नॅन’ (संख्या नसलेले मूल्य) झाले आणि मेनू जुन्याच जागी अडकून राहिला.

फंक्शन जे परत करते ते अपेक्षेपेक्षा अधिक नेमके असले तरी चालते. परंतु ते जे स्वीकारते ते अपेक्षेइतके किंवा त्याहून व्यापकच असावे लागते, कारण आर्ग्युमेंट कोणते मिळणार हे फंक्शन ठरवत नाही, त्याला कॉल करणारा कोड ठरवतो. म्हणून माउसइव्हेंट अपेक्षित असेल तिथे कोणताही इव्हेंट घेणारे फंक्शन खुशाल द्यावे. उलट करणे मात्र सुरक्षित नाही. (पॅरामीटर कमी असण्याला हरकत नसते आणि ते योग्यच आहे: अ‍ॅरेच्या (मूल्यांच्या यादीच्या) प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारा ‘मॅप’ त्याला घटक, त्याचा क्रमांक आणि मूळ अ‍ॅरे अशी तीन आर्ग्युमेंट पुरवतो, आपण बहुधा पहिलेच घेतो.)

ही तपासणी करणारा ‘स्ट्रिक्टफंक्शनटाइप्स’ हा पर्याय २०१७ मध्ये टाइपस्क्रिप्ट २.६ सोबत आला आणि आमच्याकडे तो चालूही होता. तरीही चूक निसटली, कारण हँडलर मेथडच्या (ऑब्जेक्टच्या स्वतःच्या फंक्शनच्या) पद्धतीने, म्हणजे नावापुढे लगेच कंस देऊन, जाहीर केलेला होता आणि मेथडना या नियमातून सूट आहे. ती नसती, तर नवा घटक जोडणाऱ्या ‘पुश’सारख्या मेथडमुळे माउसइव्हेंटचा अ‍ॅरे इव्हेंटच्या अ‍ॅरेच्या जागी देता आला नसता आणि असंख्य जुने प्रोग्रॅम अडले असते. ही तडजोड मला समजते; पण लिहिण्याच्या दोन जवळजवळ सारख्या पद्धतींमुळे सुरक्षिततेत एवढा फरक पडावा, हे मला पटत नाही.

मी नावापुढे अपूर्णविराम (:) टाकून हँडलरचा टाइप बाणाच्या (=>) रूपात लिहिला. मी ते फंक्शन दिले होते त्या ओळीखाली ताबडतोब चूक दाखवणारी लाल रेघ उमटली आणि त्याच फाइलमध्ये आणखी दोन ठिकाणी, जिथे मला शंकाही आली नव्हती.