गाडीच्या ब्रेक डिस्कला फेसिंग मारायचं की नवीन टाकायची?

उतारावर ८० च्या स्पीडला ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरायचं आणि पाय उचलला की गाडी पुन्हा शहाण्यासारखी. ब्रेक न लावताच थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघा, तो वेगळा विषय, आणि स्टेअरिंग शांत पण सीटखालून थरथर येत असेल तर बहुतेक मागच्या डिस्क नाहीतर ड्रम. माझं दुखणं पुढच्या चाकांचंच होतं.

गॅरेजवाल्या दादांनी एक चक्कर मारली आणि उतरता उतरता सांगितलं, "ताई, डिस्क बेंड झाल्यात, लेथवर फेसिंग मारून देतो." फेसिंग म्हणजे डिस्कचा वरचा थर कापून ती सपाट करणं. मी हो म्हटलं. संध्याकाळी गाडी हातात, एकदम मस्त, मी खूश. ४,००० किलोमीटर झाले असतील नसतील, तीच थरथर परत हजर. आता दादा म्हणाले नवीनच टाका. तेव्हा माझं डोकं फिरलं, त्यांच्यावर नाही, माझ्यावरच, कारण डिस्क मुळात खराब झाली कशाने हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग जरा खोदून बघितलं तर कळलं की 'बेंड' हा शब्दच बऱ्याचदा चुकीचा असतो. बिडाची एवढी जाड चकती काय पत्र्यासारखी वाकत नाही. होतं असं की डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) एक केसभर तिरकी बसलेली असते, ती फिरताना तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला (डिस्कला दाबून गाडी थांबवणारा तुकडा) चाटून जाते, ब्रेक लावलेला नसताना सुद्धा. छोट्या गाडीचं चाक किलोमीटरला साधारण ५५० फेरे घेतं, म्हणजे ४,००० किलोमीटरला झाले २२ लाख फेरे, तेवढ्या वेळा एकाच जागी घासून तिथे डिस्क बारीक होते, नाहीतर पॅडचा माल तिथे चिकटून बसतो. झाली जाडी कमीजास्त. मग ब्रेक दाबला की पॅड जाड जागेवर चढतो, पातळ जागेवर उतरतो आणि तेच पेडलला आणि स्टेअरिंगला कळतं. यासाठी ०.०१५ मिलिमीटर फरक सुद्धा पुरतो, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. म्हणूनच तर फेसिंगनंतर गाडी आधी छान चालते आणि काही हजार किलोमीटरनी रडायला लागते.

दुसऱ्या वेळी मी दादांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. चाक काढलं, नट परत लावून डिस्क हबवर घट्ट आवळली, डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं यंत्र) टेकवला आणि हाताने हळू हळू फिरवली. काटा ११ घरं हलला, म्हणजे ०.११ मिलिमीटर, आणि माझ्या गाडीची लिमिट ०.०५. आता डिस्क उतरवली तर हबवर गंजाचा थर, नखाने उकरला तर खपली निघाली. दादा एकदम गप्प. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत केला, तीच जुनी डिस्क परत चढवली, काटा ४ घरं. बस्स, आधीच्या फेसिंगचे पैसे कुठे गेले ते समोर दिसलं.

पण हब साफ केला तरी डिस्कची जाडी थोडीच सारखी होणार. मायक्रोमीटरने (जाडी मोजायचं साधन) गोल फिरत ८ ठिकाणी मापली, सगळ्यात पातळ जागा २०.४ मिलिमीटर. डिस्कवर बारीक अक्षरात मिनिमम जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर २० होती (गंजाखाली शोधावं लागतं, काही डिस्कवर कडेला, काहींवर मधल्या टोपीवर). दादांचा हिशोब, दोन्ही बाजूंनी ०.१ काढू, २०.२ उरेल, चालतंय की. हिशोब बरोबर होता आणि मी खरंच दहा मिनिटं हो-नाही करत बसले. पण २० हा आकडा डिस्क फेकून द्यायचा आहे, तिथपर्यंत कापत जायचा नाही. २०.२ वर नवीन पॅड लावले तर पॅड अर्धे संपायच्या आत डिस्क संपली असती, आणि बारीक डिस्कमध्ये लोखंड कमी म्हणजे ती तापते पण लवकर. शिवाय डाव्या डिस्कवर निळे डाग होते. ते दिसले की मी फेसिंगचा विचारच सोडते. तिथे डिस्क इतकी तापलेली असते की बीड आतून कडक होतं, वरून कापलं तरी कडक भाग खाली राहतो, बाकीची डिस्क झिजते आणि तो डाग उंच होऊन परत वर येतो. बारीक भेगा कडेपर्यंत गेल्या असतील तर मग मापायची पण गरज नाही.

हेच माप २१.५ आलं असतं, डाग नसते, तर मी बिनधास्त फेसिंग मारलं असतं, तेही डिस्क गाडीवरच ठेवून मशीन लावणारा मिळाला तर, कारण मग हबसकट सरळ कापली जाते.

तर नवीन टाकल्या, दोन्ही बाजूंच्या, एकच टाकली तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढू शकते. पॅडही नवीन, कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना साफ करून ग्रीस, आणि डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसून. नंतर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हलका ब्रेक मारत आणला, पूर्ण थांबायचं नाही, कारण गरम पॅड दाबून उभी राहिली की पॅडचा ठसा तिथेच बसतो.

आता ११,००० किलोमीटर झाले, स्टेअरिंग गप्प आहे. मध्ये एकदा पंक्चर काढायला गेले तर पोरगा गन घेऊन नट आवळायला निघाला, नट कमीजास्त आवळले की डिस्क परत तिरकी बसू शकते, म्हणून मी डिकीतून टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना) काढला आणि म्हटलं थांब, मी आवळते, समोरासमोरचे आधी. तो माझ्याकडे असा बघत होता की काय सांगू.