लॅपटॉपवर ‘आरटीएक्स’चा स्टिकर आहे, पण गेम चालेल का?

अकरावी-बारावी उरकून इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात टिळक रोडपासून कॅम्पापर्यंत लॅपटॉपच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: “काका, यात गेमिंग होतं का?” उत्तरही ठरलेलं असतं: “होतं की, चार जीबीचं कार्ड आहे!” कोणता गेम, कोणत्या सेटिंगवर आणि किती वेळ, हे ना विचारणारा सांगतो ना विकणारा. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे गेमचं चित्र बनवणाऱ्या भागाच्या, नावावरून यातलं काहीच कळत नाही. त्यामुळे नाव बाजूला ठेवून आधी वॉट बघा.

एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीचं असतं, कारण त्याला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. लॅपटॉपमधलं एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० हे ३५ ते ८० वॉटमध्ये कुठेही बसवता येतं, ४०५० हे ३५ ते ११५ मध्ये आणि २०५० हे ३० ते ४५ मध्ये. बारीक, हलक्या लॅपटॉपमधलं ३५-४० वॉटचं ३०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ७५-८० वॉटचं ३०५० यांच्या खोक्यावर नाव तेच असतं. खेळताना फरक लगेच जाणवतो. वेबसाइटवर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असा आकडा, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॉट मिळतात ते, शोधा. सापडला नाही तर दुकानातल्या डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून हेल्पमधल्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बघा. जी कंपनी हा आकडा कुठेच देत नाही, तिच्या मॉडेलमध्ये तो कमीच असणार असं धरून चाला.

डेस्कटॉपशी तुलनाही इथेच फसते. गेमच्या ‘रिक्वायरमेंट’मध्ये जी कार्डं लिहिलेली असतात ती बहुतेक वेळा डेस्कटॉपची. डेस्कटॉपचं पहिलं ३०५० हे ८ जीबी मेमरीचं आणि १३० वॉटचं आहे, लॅपटॉपचं पहिलं ३०५० मात्र ४ जीबीचं. नाव जुळलं म्हणून गेम चालेल असं समजू नका.

मेमरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्त कार्डं बहुतेक वेळा इथेच अडखळतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) असं गेलात की खाली दोन आकडे दिसतात: ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’. कामाचा आकडा डेडिकेटेड, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे साध्या रॅममधून उसनी घेतलेली जागा. ती मिळते, पण फार हळू चालते. काही विक्रेते दोन्हींची बेरीज करून “बारा जीबी ग्राफिक्स” सांगतात, त्यांना नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं. ४ जीबीतले काहीशे एमबी विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड आधीच खातात. उरलेल्या जागेत गेमचं टेक्श्चर (भिंती, रस्ते, कपड्यांवरचं चित्र) मावलं नाही की सरासरी ५०-५५ एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं) दिसत असूनही वळणावर किंवा नवीन भागात शिरताना चित्र अर्धा सेकंद अडकतं. अशा वेळी लोक घाईघाईने रिझोल्यूशन खाली आणतात. आधी टेक्श्चर ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणून बघा. मेमरी अपुरी हेच कारण असेल तर अडकणं थांबतं, आणि लॅपटॉपच्या १५ इंची पडद्यावर चित्रातला फरक फारसा दिसतही नाही.

मेमरी किती यासोबत तिच्यापर्यंतचा रस्ता किती रुंद हेही बघा. २०५० ला ४ जीबी आहे, पण हा रस्ता, म्हणजे बस, ६४ बिटची. ४ जीबीच्या ३०५० ला १२८ बिटची. दोन्हींत २०४८ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, आणि २०५० हे नावाने वीसच्या मालिकेतलं असलं तरी आतली चिप तिशीच्या पिढीचीच आहे. तरीही सेकंदाला ११२ जीबी विरुद्ध १९२ जीबी एवढा मेमरीच्या वेगात फरक पडतो. पुढे आलेल्या ६ जीबीच्या ३०५० ची बस ९६ बिटची आहे, पण त्यात कोअर जास्त (२५६०) आणि जागाही जास्त. आज स्वस्तात घ्यायचंच असेल तर माझं मत ६ जीबीलाच. ४ जीबीचं कार्ड फक्त व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ आणि जुने गेम खेळणाऱ्यांनी घ्यावं. सायबरपंक २०७७ ची किमान अट ६ जीबी आहे, ॲलन वेक २ चीही तेवढीच. इंडियाना जोन्सचा नवा गेम तर ८ जीबीच्या खाली बोलतच नाही. एनव्हिडियाच्याच एमएक्स मालिकेतली २ जीबीची कार्डं फोटो-व्हिडिओच्या हलक्या कामाला ठीक, गेमिंगसाठी त्यांचे वेगळे पैसे मोजू नका.

‘डीएलएसएस आहे ना!’ असंही ऐकायला मिळेल. म्हणजे लहान चित्र बनवून ते मोठं करण्याची एनव्हिडियाची युक्ती. आहे, आणि उपयोगीही आहे. पण १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ‘क्वालिटी’ मोड निवडला तरी आत चित्र १२८० बाय ७२० लाच बनतं आणि मग मोठं केलं जातं. ‘परफॉर्मन्स’ला तर त्याहून लहान, त्यामुळे केस, तारा, झाडाची पानं धुरकट दिसतात. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये आणखी चित्रं घालणं, चाळीसच्या मालिकेपासून पुढे मिळतं. मुळात ३० एफपीएस येत असतील तर त्याने आकडा वाढेल, पण माउसचा जडपणा तसाच राहील. वर त्यालाही मेमरी लागतेच.

एक गोष्ट स्टिकरवर कधीच नसते: रॅमच्या किती पट्ट्या आहेत. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स युज्ड १ ऑफ २’ दिसलं तर तेवढ्याच मापाची दुसरी पट्टी टाका, दोन पट्ट्यांनी रॅमचा वेग वाढतो आणि स्वस्तातली सर्वांत मोठी सुधारणा तीच. वेगळं कार्ड नसलेल्या, इंटेल प्रोसेसरच्या आतल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये तर एकच पट्टी असेल तर नावही साधं ‘यूएचडी’ दिसतं.

आता चाचणी. चार्जर लावा, आणि तो सोबत आलेलाच हवा. ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर कार्ड पूर्ण ताकदीने चालणार नाही. लॅपटॉपच्या ॲपमधून परफॉर्मन्स मोड लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली तो गेम ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर गेम कधी कधी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरच चालतो आणि लोक कार्डाला शिव्या देतात. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअरं टाकून कोपऱ्यात एफपीएस, एक टक्का लो (सर्वांत हळू एक टक्का चित्रांचा एफपीएस), कार्डाचा वापर, वॉट, तापमान आणि मेमरी दिसेल असं करा. मग तुमचाच गेम सलग अर्धा तास. पहिल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका, तेव्हा लॅपटॉप गार असतो.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आणि वॉट स्थिर असतील तर कार्ड जेवढं देऊ शकतं तेवढं देतंय, आता हवं तर सेटिंग कमी करा. वापर ६०-७० वरच अडकला असेल आणि एफपीएसवर मर्यादा लावलेली नसेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा रॅमचा, तिथे ग्राफिक्स कमी करून काही हाती लागत नाही. तापमान ८५-८७ ला गेलं आणि वॉट ७० वरून ४५ ला आले, तर कूलिंग कमी पडतंय. तापमान ७० आणि तरीही वॉट कमी? चार्जर किंवा मोड तपासा. सरासरी ६० पण एक टक्का लो २० च्या आसपास असेल तर मेमरी भरली आहे का बघा.

ही चाचणी एसीच्या दुकानात २४ अंशांवर केलीत तर घरचा हिशेब वेगळा धरा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारी ३८-४० होतं, आणि वरच्या मजल्यावरची पीजीची खोली संध्याकाळीही ३३-३४ च्या खाली येत नाही. खोलीत दहा अंश वाढले की कार्डही जवळजवळ तेवढंच तापतं. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला, गादीवर ठेवून खेळू नका. शेजारी बांधकाम चालू असेल (आणि पुण्यात ते कुठे नसतं?) तर वर्षातून एकदा तरी पंखे आणि जाळी साफ करून घ्या. गुरुवारी (पुण्यातला देखभालीचा वार) वीज गेली की बॅटरीवर खेळण्याचा विचारही सोडा. बॅटरीला कार्ड आणि प्रोसेसर मिळून शंभरेक वॉट देता येत नाहीत, म्हणून लॅपटॉप स्वतःच वेग कापतो.

जुना लॅपटॉप घेताना हीच चाचणी आणखी कडक करा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी, बस आणि कोअर कंपनीच्या आकड्यांशी जुळतात का पाहा, आणि विकणाऱ्याला अर्धा तास थांबवा. “पाच मिनिटांत बघा, मला पुढे जायचंय” म्हणाला तर त्याला जाऊ द्या.