नाखव्याचा फोन कुणी उचलायचा?

सागरी सुरक्षेची चर्चा गस्तीनौका, रडार आणि कॅमेऱ्यांवर येऊन थांबते. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी रबरी होडीतून माणसं उतरली, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी ती पाहिली, हटकलीही. बघणारे होते, त्यांच्यापुढची साखळी कच्ची होती. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली, ती तर सरकारी माणसांचे हात ओले करून. गावातल्या कुणी सांगायचं म्हटलं असतं, तरी कुणाला?

म्हणून सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर धक्क्यावर रंगवून भागत नाही. ‘संशयास्पद बोट दिसली’ एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा नंबर (आपल्या बोटींचा आयएनडी-एमएचनं सुरू होतो), रंग, माणसं किती, तोंड कुठे, वेळ काय, हे हवं. जीपीएसचे आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. जवळ जाऊन तपासायचं नाही आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही.

तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाच्या नजरेला खटकतं ते यंत्राला दिसत नाही. बोटीवर ना जाळं, ना बर्फ. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत इंजिनची बोट बाहेर. ओहोटीला भलत्याच खाडीत शिरलेला अनोळखी माणूस.

हे सगळं आटतं ते पोलीस ठाण्यात. फोन करणाऱ्यालाच तासभर बसवून ठेवलं, त्याचं नाव गावभर झालं, की पुढच्या वेळी तो बघून न बघितल्यासारखं करतो. ‘ती बोट अमुक बंदराची निघाली’ एवढं तरी त्याला दोन दिवसांत कळवावं. खोटा इशारा ठरला म्हणून झापू नये; बहुतेक इशारे तसेच निघणार. अधिकारी बदलून गेला की ओळखीही त्याच्याबरोबर जातात, म्हणून नव्या माणसाला जुन्यानंच धक्क्यावर नेऊन भेटवावं. आणखी एक: खलाशी पुष्कळदा परप्रांतीय असतात. बाहेरचा म्हणजे संशयित असं धरलं, की बोटमालक नावंच लपवू लागतो, आणि खरी यादी हातची जाते.

सागर सुरक्षा दलाच्या, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या गटाच्या बैठका नुसत्या ‘सागर कवच’ या किनारा-सुरक्षेच्या सरावाच्या तोंडावर नकोत. सरावात ‘शत्रू’ची बोट पकडली का, हे बघतानाच नाखव्याचा फोन किती वाजता आला आणि डायरीत नोंद किती वाजता झाली, तेही लिहून ठेवावं.